वाचकांनी स्वतः दिलेल्या पत्त्यांवर पाठवलेले मेलही स्पॅममध्ये का जातात? काय करता येईल?

तुमचं म्हणणं असं की छोटं प्रकाशन आहे, नव्या पुस्तकाची प्रकाशनपूर्व सवलत, दिवाळी अंकाची नोंदणी असले मेल सहाएक हजार वाचकांना जातात, सगळ्यांनी प्रदर्शनातल्या स्टॉलवर नाहीतर वेबसाइटवर स्वतःहून पत्ता दिलाय, यादी कुठून विकत घेतलेली नाही, आणि तरी वाचक फोन करून सांगतात की अहो तुमचा मेल स्पॅममध्ये सापडला, तोवर सवलतीची तारीख गेलेली असते. मी पुण्यात छोट्या व्यवसायांचे असेच मेल पाठवायचं काम बरीच वर्षं करतेय, त्यात प्रकाशकही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे लक्षात घ्या की वाचकाची परवानगी तुमच्या रजिस्टरमध्ये आहे, जीमेलला ती दिसत नाही. फिल्टर मुख्यतः दोन गोष्टी बघतं, एक म्हणजे ज्याच्या नावाने मेल आलाय त्यानेच तो पाठवलाय का, आणि दुसरं म्हणजे ज्यांना मेल जातो ती माणसं त्याचं काय करतात, उघडतात, उत्तर देतात, न वाचता उडवतात की स्पॅमचं बटण दाबतात. शब्दांचा नंबर त्यानंतर लागतो. ‘मोफत’, ‘सवलत’ हे शब्द काढून टाका म्हणजे काम होईल असं जे सगळीकडे सांगतात त्यात आता फारसं तथ्य राहिलेलं नाही, सवलत असेल तर बिनधास्त सवलत लिहा.

ओळखीचं काम एकदाच करायचं असतं पण ते नीट करा. तुम्ही प्रकाशनाच्या जीमेलच्या पत्त्यावरून, पण एका बल्क मेल सर्व्हिसमार्फत (एकदम हजारोंना मेल पाठवून देणारी कंपनी) पाठवताय असं लिहिलंय, ते आजच बंद करा. पत्त्यात जीमेल डॉट कॉम आणि मेल निघतोय भलत्याच सर्व्हरवरून, हे जीमेलच्या दृष्टीने सरळ तोतयेगिरीसारखं दिसतं आणि तसे मेल ते स्पॅममध्ये टाकतात. तुमच्याकडे वेबसाइटचं डोमेन आहेच, त्याच डोमेनचा पत्ता पाठवणारा म्हणून वापरा, आणि डोमेनच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदवहीत, तीन गोष्टी करून घ्या, एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क. एसपीएफ म्हणजे या डोमेनच्या वतीने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात त्याची जाहीर यादी, डीकेआयएम म्हणजे प्रत्येक मेलवर डिजिटल सही, आणि डीमार्क सांगतं की ही यादी किंवा सही ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळली पाहिजे आणि नाही जुळली तर त्या मेलचं काय करायचं. सुरुवातीला डीमार्कची पॉलिसी ‘नन’ (न जुळणाऱ्या मेलचं काही करू नका) ठेवा, रिपोर्ट यायला लागतील, तुमच्या नावाने कुठून कुठून मेल जातायत ते कळेल (वेबसाइटच्या ऑर्डरच्या पावत्या भलत्याच सर्व्हरवरून जात असतात हे बहुतेक वेळा तेव्हाच लक्षात येतं), मग ‘क्वारंटाइन’ (स्पॅममध्ये टाका) आणि शेवटी ‘रिजेक्ट’वर (घेऊच नका) न्या. एसपीएफमध्ये एक गडबड फार बघते, वेबसाइट करणाऱ्याने एक रेकॉर्ड टाकलेला असतो आणि मेल सर्व्हिस घेतली की कोणीतरी त्याच्याशेजारी दुसरा टाकतो. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो, दोन असले की दोन्ही निकामी, आणि त्या एका रेकॉर्डमध्येही डीएनएस लुकअप (ती यादी तपासताना दुसऱ्या नोंदी बघायला लागणं) 10च्या वर गेले की तपासणी फेल होते.

हे सगळं झालं की स्वतःला एक मेल पाठवा, कॉम्प्युटरवर जीमेलमध्ये उघडा, तीन टिंबांच्या मेनूत ‘शो ओरिजिनल’ आहे तिथे जा. वरच तिन्हींपुढे पास दिसायला हवं, आणि डीकेआयएमपुढे डोमेन तुमचं दिसायला हवं, मेल सर्व्हिसचं नाही. फक्त सर्व्हिसचं दिसत असेल तर सही त्यांची आहे, तुमची नाही, मग ती तुमच्या डीमार्कच्या कामाची नाही. त्यांच्या सेटिंगमध्ये ‘डोमेन ऑथेंटिकेशन’ किंवा तत्सम काहीतरी असतं, ते पूर्ण करा.

गूगल आणि याहूने ऑक्टोबर 2023 मध्ये जाहीर केलं आणि फेब्रुवारी 2024 पासून लागू केलं की मोठ्या प्रमाणावर मेल पाठवणाऱ्यांना हे तिन्ही हवंच. गूगलने मोठं म्हणजे किती तेही सांगितलंय, जीमेलच्या वैयक्तिक खात्यांवर दिवसाला 5,000 किंवा जास्त. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमसाठी मे 2025 पासून असाच नियम आणला. तुम्ही म्हणाल आमचे सहाच हजार आणि सगळे काही जीमेलचे नाहीत, पण पावत्या वगैरे धरून एखाद्या दिवशी आकडा ओलांडला की गूगल तुम्हाला कायमचं मोठ्यांत धरतं, तेव्हा त्या हिशोबात न पडता सगळं करून ठेवलेलंच बरं.

आता खरा भाग, यादीचा. इथेच चांगल्या मनाच्या माणसांचं नुकसान होतं म्हणून मला याबद्दल कळकळीने सांगायचंय. गूगलची अपेक्षा आहे की स्पॅम म्हणून रिपोर्ट करणाऱ्यांचं प्रमाण 0.1 टक्क्याच्या खाली असावं आणि 0.3 टक्क्यांपर्यंत तर कधीच जाऊ नये, म्हणजे हजारात एक हीच मर्यादा. हजारात तीन माणसांनी बटण दाबलं की तुम्ही गोत्यात, आणि ती तीन माणसं दुष्ट नसतात हो, त्यांनी चार वर्षांपूर्वी स्टॉलवर एक कवितासंग्रह घेताना रजिस्टरमध्ये पत्ता लिहिलेला असतो, मधे तुमच्याकडून काहीच आलेलं नसतं आणि अचानक ऑक्टोबरमध्ये तुमचा मेल येतो, त्यांना तुमचं नावही आठवत नाही. परवानगी शिळी होते. दिवाळीच्या आधी वर्षातून एकदाच सगळ्या यादीला दणकून मेल टाकायचा ही जी आपल्याकडची पद्धत आहे ती यात सगळ्यात वाईट, कारण फिल्टरलाही दिसतं की अकरा महिने गप्प असलेलं डोमेन एका दिवसात हजारो मेल पाठवतंय, खाती चोरणारेही हुबेहूब असंच वागतात.

शिवाय रजिस्टरवरचं हस्ताक्षर. जीमेलच्या स्पेलिंगमधली अक्षरं उलटसुलट झालेली असतात, रेडिफचा जुना पत्ता असतो जो आता कोणी उघडतही नाही, कोणी निवृत्त झालंय आणि ऑफिसचा पत्ता बंद पडलाय. बंद पडलेले काही पत्ते पुढे स्पॅम ट्रॅप म्हणून, म्हणजे स्पॅम पाठवणारे पकडायचे सापळे म्हणून वापरले जातात, चुकीच्या स्पेलिंगची डोमेनंसुद्धा, आणि तिथे तुमचा मेल पोचला की ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्यांची काळी यादी) चालवणाऱ्यांच्या लेखी तुम्ही यादी न तपासता पाठवणारे. म्हणून ज्या पत्त्यावरून मेल एकदा कायमचा बाउन्स झाला, म्हणजे न पोचता परत आला, तो काढलाच पाहिजे, पुढच्या वेळी जाईल म्हणून ठेवायचा नाही.

तुमच्या जागी मी असते तर यादीचे तीन भाग केले असते. गेल्या वर्षभरात ज्यांनी पुस्तक मागवलं, लिंकवर क्लिक केलं किंवा मेलला उत्तर दिलं ते पहिले. मेल उघडला की नाही यावर फार विसंबू नका, अॅपलने 2021 मध्ये प्रायव्हसीची सोय आणली तेव्हापासून त्यांच्या मेल अॅपमध्ये चित्रं आधीच लोड होतात आणि न वाचलेला मेलही उघडलेला दिसतो. तुमच्या डोमेनच्या नव्या पत्त्यावरून सुरुवात या पहिल्या गटापासून, रोज काही शे, आठवड्यात हळूहळू वाढवत. दुसरा गट दोनतीन वर्षांतला, त्यांना थोड्याथोड्यांना एक साधा मेल, की तुम्ही अमुक प्रदर्शनात आम्हाला पत्ता दिला होता, नवीन पुस्तकांची माहिती हवी असेल तर इथे क्लिक करा, नसेल तर काहीच करू नका, आम्ही पुन्हा लिहिणार नाही. आणि खरंच लिहू नका. तिसरा गट त्याहून जुना, तो सोडून द्या. मला माहितीय हे जिवावर येतं, एकेक पत्ता स्टॉलवर उभं राहून जमवलेला असतो, पण हे मेल न वाचणारे लोक वाचणाऱ्यांचा मेल अडवतात हे समजून घ्या.

पुढचे पत्ते घेताना रजिस्टरऐवजी क्यूआर कोड ठेवा, वाचक स्वतःच्या फोनवर टाइप करतो, आणि लगेच त्याला खात्रीचा मेल जाऊ दे ज्यातली लिंक दाबली तरच नाव यादीत चढेल. काही लोक ती लिंक दाबणार नाहीत, यादी हळू वाढेल, चालेल. कुठे, कधी, कशासाठी पत्ता घेतला तेही नोंदवा.

नाव काढून टाकायची लिंक लपवू नका, अगदी वरती दिली तरी चालेल. ज्याला नको आहे त्याला दोन सेकंदांत बाहेर पडता आलं नाही तर तो स्पॅमचं बटण दाबतो, ते त्याच्या हाताशीच असतं. मोठ्या पाठवणाऱ्यांना आता हेडरमधलं (मेलसोबत जाणारी, वाचकाला न दिसणारी तांत्रिक माहिती) एका क्लिकचं अनसबस्क्राइब गूगलला लागतंच आणि दोन दिवसांत नाव निघालं पाहिजे. आपल्याकडच्या 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यातही हेच आहे की संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं. लॉगिन करा, कारण सांगा, खात्री आहे का, असले अडथळे काढून टाका.

मजकुराबद्दल थोडंच, पण मराठी प्रकाशकांच्या बाबतीत दोनतीन गोष्टी खास बघण्यासारख्या आहेत. निमंत्रणपत्रिकेचं किंवा मुखपृष्ठाचं एकच मोठं चित्र चिकटवून पाठवू नका, मजकूर मजकूर म्हणूनच लिहा आणि चित्र सोबत जाऊ दे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तसाच मेलमध्ये पेस्ट केला तर समोर इंग्रजी अक्षरांची निरर्थक खिचडी दिसते, युनिकोडमध्ये बदलूनच टाका. आणि लांबी, जीमेल साधारण 102 केबीच्या पुढचा मेल कापतं, देवनागरीचं एकेक चिन्ह युनिकोडमध्ये तीन बाइट खातं जिथे इंग्रजी अक्षर एक खातं, वर मेल एडिटरचा कोड असतो, त्यामुळे पुस्तकातलं अख्खं प्रकरण मेलमध्ये दिलंत तर खालचा भाग जातो आणि अनसबस्क्राइबची लिंक त्याच भागात असते. प्रकरणाची दोन पानं द्या, बाकीचं वेबसाइटवर. सूचीची पीडीएफ जोडण्यापेक्षा तिचीही लिंक द्या, ती तुमच्याच डोमेनची, लिंक छोटी करणाऱ्या फुकट सेवा नकोत कारण ठकसेनही त्याच वापरतात. ‘नोरिप्लाय’ पत्ता नको, वाचकाने उत्तर दिलं तर कोणीतरी वाचणारं हवं, खरंतर पहिल्याच मेलमध्ये एखादा प्रश्न विचारा, सध्या काय वाचताय वगैरे, लोक आवडीने लिहितात आणि उत्तर येणं ही फिल्टरसाठी फार चांगली खूण आहे. जे फोन करतात त्यांना स्पॅममधून मेल काढून ‘नॉट स्पॅम’ दाबायला आणि तुमचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाकायला सांगा. प्रमोशन्स टॅबमध्ये गेला तर मात्र जीव काढू नका, तो इनबॉक्सचाच भाग आहे.

गूगल पोस्टमास्टर टूल्समध्ये डोमेन जोडून ठेवा, फुकट आहे, स्पॅमचं प्रमाण तिथे दिसतं, फक्त मेल कमी जात असतील त्या दिवशी आकडे रिकामे दिसतील. आणि मेल सर्व्हिसच्या रिपोर्टमध्ये परत आलेल्या मेलचे कोड वाचायची सवय लावा. 5.1.1 म्हणजे असा पत्ताच नाही, काढा. जीमेलकडून 5.7.26 आला तर ओळखीत घोळ आहे, वर सांगितलेलं डीएनएस पुन्हा तपासा. 4 ने सुरू होणारे कोड तात्पुरते असतात, सर्व्हिस स्वतःच पुन्हा प्रयत्न करते, पण जीमेलकडून 4.7.28 यायला लागला तर तुमच्याकडून नकोसे मेल जास्त वेगाने येतायत असं त्यांना वाटतंय, त्या दिवशी उरलेले पाठवणं थांबवा आणि दुसऱ्या दिवशी फक्त पहिल्या गटापासून, कमी संख्येने सुरू करा.