पाण्याबाहेर उभा असलेला माणूस

(वाचकांचे प्रश्न : जलतरण प्रशिक्षकाची कारकीर्द)

मागील अंकात खेळांशी निगडित नोकऱ्यांविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांत पोहण्याच्या प्रशिक्षणाविषयीची पत्रे माझ्या अपेक्षेपेक्षा बरीच अधिक निघाली. मुंबईतल्या महाविद्यालयीन मुलामुलींना पोहण्याच्या स्पर्धांसाठी तयार करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली असल्यामुळे संपादकांनी ती सर्व पत्रे माझ्याकडेच सोपवली. त्यांतली चार येथे घेत आहे.

मी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला असून आंतरविद्यापीठ स्पर्धेत ब्रेस्टस्ट्रोक पोहलो आहे. मला महाविद्यालयात जलतरण आणि डायव्हिंगचा मुख्य प्रशिक्षक व्हायचे आहे. वडील विचारतात, "असली नोकरी असते तरी कुठे?" त्यांना काय उत्तर देऊ? — एक वाचक, परळ

आपल्या वडिलांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, या नावाचे पद आपल्याकडच्या महाविद्यालयांच्या आकृतिबंधात जवळजवळ कुठेच नसते. मंजूर पद असते ते शारीरिक शिक्षण संचालकाचे, आणि त्या एकाच व्यक्तीला कबड्डीच्या मॅटपासून बुद्धिबळाच्या पटापर्यंत सारे पाहावे लागते. जलतरणाचा प्रशिक्षक बहुधा मानधनावर नेमला जातो, कधी पूर्ण वर्षासाठी तर कधी केवळ स्पर्धांच्या हंगामापुरता. बहुतेक महाविद्यालयांकडे स्वतःचा तलावही नसल्यामुळे त्याचे खरे कार्यालय म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कजवळचा महात्मा गांधी स्मारक तलाव, चेंबूरचा जनरल अरुणकुमार वैद्य तलाव किंवा एखाद्या जिमखान्यातल्या भाड्याने घेतलेल्या दोन लेन.

म्हणून ही कारकीर्द एका नियुक्तिपत्राने मिळत नाही, ती दोन-तीन धागे एकत्र वळून स्वतःच तयार करावी लागते. स्थैर्य हवे असेल तर शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान 55 टक्के गुणांनी मिळवून नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावे आणि संचालकपदाकडे जावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत या पदासाठी स्पर्धांतील सहभागाचीही अट असून ती आपण पूर्ण केलीच आहे. त्याच नियमांत शारीरिक क्षमतेची एक चाचणी आहे. तिच्यात तीस वर्षांपर्यंतच्या पुरुषाला 12 मिनिटांत 1800 मीटर अंतर धावून किंवा चालून पार करावे लागते. जन्मभर पाण्यात घाम गाळलेल्या माणसाची परीक्षा शेवटी जमिनीवर घेतली जाते, याची मला नेहमी गंमत वाटत आली आहे. तेव्हा धावण्याचा सराव आतापासून ठेवावा.

दुसरा धागा खुद्द प्रशिक्षणाचा. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका, जिला तलावावर सगळे नुसते "एनआयएस" म्हणतात, तिचे वजन आपल्या क्षेत्रात आजही सर्वांत जास्त आहे. ती करण्यापूर्वी मात्र एखाद्या क्लबमध्ये निदान दोन वर्षे साहाय्यक म्हणून काम करावे, असा माझा आग्रह आहे. त्याचे कारण सांगतो. उत्तम पोहणाऱ्याचे ज्ञान त्याच्या अंगात असते, जिभेवर नसते. पहिल्या वर्षी मी प्रत्येक मुलाला माझ्यासारखाच हात मारायला लावत होतो. त्यांतल्या एका उंच, लांब हातांच्या मुलाचा वेग त्यामुळे घटला, आणि ते माझ्या लक्षात यायला एक अख्खा हंगाम गेला. तो काहीच बोलला नाही, कारण आमच्याकडे मुले सरांना उलट बोलत नाहीत. ती चूक मुळी त्याची नव्हतीच, माझी होती.

वडिलांना आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावी. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. कोल्हापूरच्या वीरधवल खाडे यांनी 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक जिंकले, तेव्हा खजान सिंग यांच्या 1986 च्या रौप्यपदकानंतर 24 वर्षांनी भारताला या स्पर्धेत जलतरणाचे पदक मिळाले होते, आणि पुढे राज्य शासनाने खाडे यांना तहसीलदारपदी नेमले. खेळाडूसाठी असा रस्ता आहे. त्याला घडवणाऱ्यासाठी तो नाही. ही उणीव मनात धरूनच या क्षेत्रात उतरावे, नंतर कुढत बसू नये.

माझी मुलगी बारावीत असून राज्य पातळीवर पोहते. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या संकेतस्थळांवर "हेड कोच, स्विमिंग अँड डायव्हिंग" असे पद दिसते. ही व्यक्ती नेमके काय करते आणि तिला पत्रात काय लिहावे? — एक पालक, डोंबिवली

तिथे जलतरण आणि डायव्हिंग हा एकच संघ मानला जातो. दोन महाविद्यालयांच्या सामन्यात एक मीटर आणि तीन मीटर स्प्रिंगबोर्डवरचे गुण पोहण्याच्या शर्यतींच्या गुणांत मिळवले जातात. त्यामुळे डायव्हर कमकुवत असले तर जलद पोहणारे असूनही सामना हातचा जाऊ शकतो आणि मुख्य प्रशिक्षकाला दोन्हींची चिंता वाहावी लागते. तरी तो सहसा स्वतः सूर मारायला शिकवत नाही, त्यासाठी वेगळा डायव्हिंग प्रशिक्षक असतो. इंडियाना विद्यापीठाचे मुख्य प्रशिक्षक जेम्स कौन्सिलमन यांच्या संघाने 1968 ते 1973 अशी सलग सहा वर्षे राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. त्या काळात तिथल्या डायव्हरांची बाजू होबी बिलिंग्जली हे स्वतंत्र प्रशिक्षक सांभाळत होते. कौन्सिलमन पाण्याखालून चित्रीकरण करून हाताची हालचाल तपासत असत आणि 1979 मध्ये वयाच्या 58 व्या वर्षी ते स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेले. असा प्रशिक्षक कुणाला नको असेल?

मुख्य प्रशिक्षकाचा बराचसा दिवस तलावापासून दूर जातो. नवे खेळाडू शोधणे, त्यांच्या अभ्यासाचे गुण पात्रतेच्या रेषेवर राहतात की नाही हे पाहणे, प्रवास, अंदाजपत्रक आणि माजी विद्यार्थ्यांकडून देणग्या ही सगळी त्याचीच कामे असतात. तिथल्या महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने (एनसीएए) महाविद्यालयांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. त्यांतल्या पहिल्या श्रेणीच्या (डिव्हिजन वन) महाविद्यालयांत हंगामातला सराव आठवड्याला 20 तासांच्या मर्यादेत बसवावा लागतो, त्यामुळे त्याला प्रत्येक तासाचा हिशेब ठेवावा लागतो.

पत्रात कौतुकाची विशेषणे नकोत. मुलीच्या मुख्य शर्यतींच्या वेळा, त्या कोणत्या स्पर्धेत आणि कोणत्या तारखेला नोंदल्या गेल्या, तलाव 50 मीटरचा होता की 25 चा, ही माहिती द्यावी. तिथल्या महाविद्यालयीन शर्यती प्रामुख्याने 25 यार्डांच्या, म्हणजे 22.86 मीटरच्या तलावात होतात, म्हणून आपल्या वेळा तिथल्या वेळांशी सरळ ताडून पाहता येत नाहीत आणि प्रशिक्षकाला ते माहीत असते. शालेय गुण लिहावेत आणि पाण्याखालून घेतलेली छोटी चित्रफीत जोडावी. तिसऱ्या श्रेणीची महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, हेही आधी जाणून घ्यावे. आणि पत्र मुलीने लिहावे, आपण नव्हे.

मी एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे. पोहणे शिकवते. आता व्यवस्थापनाने डायव्हिंगची तुकडीही माझ्याकडेच द्यायची ठरवली आहे. पोहणे शिकवणाऱ्याला डायव्हिंग शिकवता येईल का? — एक वाचक, मुलुंड

नाही, ताई. आपली क्षमता कमी म्हणून नव्हे, ती विद्याच वेगळी आहे म्हणून.

आमच्या गावाकडे विहिरीत मुटका मारणारी पोरे आणि पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकणारी पोरे एकाच पाण्यात असत, तेव्हापासून आपल्या मनात या दोन गोष्टींची सांगड बसली आहे. प्रत्यक्षात पोहणारा दोन तासांत पाच-सहा किलोमीटर अंतर कापतो आणि तेवढ्या वेळात प्रशिक्षकाची फार तर दहा वाक्ये त्याच्या कानी पडतात. दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मवरून उडी घेणारा मात्र दोन सेकंदांच्या आत पाण्यात पोहोचतो, तोही ताशी सुमारे 50 किलोमीटर वेगाने. त्याच्या प्रत्येक उडीनंतर प्रशिक्षकाला काहीतरी नेमके सांगावे लागते. ते सांगण्यासाठी त्या दोन सेकंदांत काय घडले हे डोळ्याला दिसावे लागते, आणि हा डोळा वर्षानुवर्षांच्या पाहण्यातूनच तयार होतो. पुढे, मागे, उलट, आत, पिळाची आणि हातांवर उभे राहून घेतलेली असे उड्यांचे सहा गट आहेत. प्रत्येक उडीला काठिण्याचा अंक असतो. सात पंच असतील तर सर्वांत वरचे दोन आणि खालचे दोन गुण वगळून उरलेल्या तिन्हींच्या बेरजेला तो अंक गुणतात. कठीण उडी लवकर शिकवण्याचा मोह होतो तो या गुणाकारामुळेच.

व्यवस्थापनाला पहिला प्रश्न पाण्याच्या खोलीचा विचारा. तीन मीटरच्या बोर्डखाली सुमारे पावणेचार मीटर, एक मीटरच्या बोर्डखाली सुमारे साडेतीन मीटर आणि दहा मीटरच्या प्लॅटफॉर्मखाली पाच मीटर खोली असावी, असे साधारण प्रमाण आहे. तेवढी खोली नसेल तर तुकडी सुरूच करू नये, आणि या बाबतीत आपण नोकरीची भीड बाळगू नये. खोली पुरेशी असली तरी पहिले काही महिने बहुतेक सराव जमिनीवर, गाद्यांवर आणि ट्रॅम्पोलिनवर असावा, आणि अनुभवी डायव्हिंग प्रशिक्षक आठवड्यातून दोनदा तरी उपस्थित हवा. सोलापूरने महाराष्ट्राला अनेक चांगले डायव्हर दिले आहेत. तिथे शिकवलेले कोणी मुंबईत असेल तर शोधून काढावे.

आपण पोहण्याची तुकडी सांभाळत राहा आणि डायव्हिंगच्या सरावाला काठावर वहीत टिपणे घेत बसा. चार-पाच वर्षांनी दोन्हींचे वेळापत्रक, खर्च आणि माणसे सांभाळणारी मुख्य प्रशिक्षक आपण निश्चित होऊ शकाल. उडी शिकवण्यापेक्षा हे काम वेगळे आहे आणि माझ्या मते अधिक अवघडही.

माझे वय 41 असून मी बँकेत नोकरी करते. महाविद्यालयात असताना पोहत होते. आता प्रशिक्षक होण्याला उशीर झाला आहे का? — एक वाचक, बोरिवली

उशीर झालेला नाही. मात्र नोकरी सोडण्याची घाई करू नये. शनिवार-रविवारच्या तुकडीत साहाय्यक म्हणून रुजू व्हा, जीवरक्षकाचे प्रमाणपत्र आधी घ्या आणि बँकेत पुरेशी रजा साठली की एनआयएसचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करा. मोठी झालेली मुले आपल्या बरोबरीच्या प्रशिक्षकाशी फारसे बोलत नाहीत, पण आईच्या वयाच्या बाईंना परीक्षा, घर, पाळीचा त्रास हे सगळे सांगतात, असा माझा अनुभव आहे, आणि महाविद्यालयीन संघ अशा बोलण्यामुळेच टिकतो.

पहिले तीन महिने स्टॉपवॉच घरी ठेवा. काठावर जुन्या प्रशिक्षकांच्या शेजारी उभ्या राहा, एकच मूल निवडा आणि त्याचा उजवा कोपर पाण्याबाहेर येताना किती उंच असतो एवढेच रोज पाहा.