धातू ‘खाणारी’ बुरशी वावरात टाकू का?

प्रश्न : नागपूरच्या नाग नदीच्या पाण्यावर माझी दीड एकर पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) आहे. पाण्यात कारखान्यांचं पाणी मिसळतं अशी चर्चा आहे. परवा एक जण बुरशीची भुकटी विकायला आला. म्हणे, ही शिसं, क्रोमियम सगळं खाते, पाण्यासोबत सोडा. घेऊ का? ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी आधीच वापरतो, त्यानेच काम होईल का?

उत्तर : भाऊ, घेऊ नका.

विकणाऱ्याचं अर्धं बोलणं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. ॲस्परजिलस नायजर म्हणजे कांद्याच्या सालीखाली काजळी धरते ती काळी बुरशी, शिवाय पेनिसिलियम, राइझोपस अशा काही बुरश्या धातूमिश्रित सांडपाण्यातही तग धरतात. त्यांच्या पेशीच्या भिंतीत कायटिनसारखे पदार्थ असतात, त्यांना धातूचे कण चिकटून बसतात. आत शिरलेला धातू काही प्रथिनं बांधून ठेवतात, उरलेला पेशीतल्या पोकळीत कोंडला जातो. गंमत म्हणजे मेलेली बुरशीही धातू धरते. त्यामुळे वाळवलेली बुरशी नळकांड्यात भरून त्यातून सांडपाणी सोडायचं, अशी पद्धत अभ्यासली गेली आहे.

पण धरणं वेगळं आणि खाणं वेगळं. शिसं, कॅडमियम ही मूलद्रव्यं आहेत, ती कुजत नाहीत की जिरत नाहीत. टाकीतली बुरशी गाळून बाहेर काढता येते, आणि तिचीही विल्हेवाट घातक कचरा म्हणूनच लावावी लागते. वावरातली बुरशी कोण वेचणार? ती मेली, कुजली की धातू पुन्हा मातीतच.

त्यात आपली काळी माती बहुतेक ठिकाणी चुनखडीची, सामू (पीएच) आठच्या आसपास. अशा मातीत शिसं, कॅडमियम बरंचसं बांधलेलं राहतं. ही काळी बुरशी ऑक्झॅलिक, सायट्रिक आम्ल सोडते आणि मुळाशी बांधलेला धातू उलट मोकळा होऊ शकतो. (याच कारणाने अशा जमिनीत सामू उतरवायला गंधक टाकू नका.) शिवाय हीच बुरशी भुईमुगाचं रोप बुंध्याशी कुजवते. पाकिटात नेमकी कोणती बुरशी आहे, हे तुम्हाला कोण सांगणार?

ट्रायकोडर्मा मर रोग आणि मूळकुजीसाठी चालू ठेवा. धातूसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

आधी पाणी आणि माती तपासा. नाग नदीत मुख्यतः शहराचं सांडपाणी येतं, तेव्हा धातू किती आहेत हे अंदाजाने ठरवू नका. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक असतात. त्यात जस्त, तांबं आहे. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल नाहीत. ही तपासणी प्रयोगशाळेत नाव घेऊन वेगळी मागावी लागते. मातीचा नमुना लाकडी किंवा प्लास्टिकच्या खुरप्याने काढा, लोखंडी फावड्याने नको. पाण्याचा नमुना स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत घ्या आणि एकदाच नाही, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी घ्या. सिंचनाच्या पाण्यासाठी जागतिक अन्न व कृषी संघटनेने सुचवलेली मर्यादा लिटरमागे कॅडमियमला ०.०१ मिलिग्रॅम, क्रोमियमला ०.१, निकेलला ०.२ आणि शिशाला ५ मिलिग्रॅम अशी आहे. शिशाची मर्यादा सैल दिसते, कारण ते मातीत घट्ट बसतं, रोपात फारसं चढत नाही. कॅडमियमचं उलटं आहे, आणि पालक त्याला सगळ्यात आधी वर ओढते. पानावरची शिशाची धूळ धुतल्याने जाते, आत चढलेलं कॅडमियम नाही.

अहवाल येईपर्यंत पालेभाज्या, मुळा, गाजर विहिरीच्या पाण्यावर घ्या, जमत असेल तर. नदीच्या पाण्यावर पऱ्हाटी (कपाशी) किंवा झेंडू घेणं बरं. सांबार लोक कच्चा खातात. धातू नसले तरी सांडपाण्यातले जंतू असतातच, म्हणून तो त्या पाण्यावर अजिबात नको. शेणखत भरपूर द्या, सेंद्रिय पदार्थही धातू बांधून ठेवतात.

एखाद्या नाल्यातून रंगीत किंवा उग्र वासाचं पाणी येताना दिसलं तर तारीख, वेळ, फोटो टिपून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नागपूर कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

पाकीट घेऊन बसला असाल तर उघडू नका. लेबल, नोंदणी क्रमांक असेल तर तो, आणि पावती घेऊन तालुका कृषी कार्यालयात या.