जर्मनीतल्या कोलोनच्या कॅथेड्रलला दोनच तास मिळणार आहेत. आत जावं का? टॉवर चढावा का?

आत नक्की जा. टॉवर चढू नका. आता कारणं सावकाश सांगते.

तुम्ही लिहिलंय की युरोपच्या सहलीत कोलोनला दोन तासांचा थांबा आहे, सोबत सत्तरीच्या घरातले आई-वडील आहेत आणि टूरवाल्यांचा सल्ला आहे की बाहेरून फोटो काढा, थोडं फिरा आणि बसमध्ये बसा. मी बॉनला राहते, ट्रेनने अर्ध्या तासावर. नऊ वर्षांत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला मी हे कॅथेड्रल दाखवलंय. त्यात माझ्याही आई-बाबांचा एक फजितीचा दिवस आहे, तो आधी सांगते.

बाबांची सगळी नोकरी व्हीटीच्या इमारतीत गेली. उंच कमानी, दगडी पानंफुलं, पाणी ओकणारे प्राणी यांचं त्यांना काडीचं अप्रूप नाही. कोलोन स्टेशनातून बाहेर पडलं की कॅथेड्रल समोरच उभं ठाकतं, इतकं जवळ की मान पूर्ण मागे टाकली तरी टोक दिसत नाही. बाबा थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आपल्या व्हीटीचं मोठं भावंड दिसतंय." मी तेव्हा उत्साहात त्यांना थेट टॉवरच्या तिकीट खिडकीकडे नेलं. ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. अरुंद गोल जिना, त्यातून चढणारे आणि उतरणारे एकमेकांना अंग चोरून वाट देतात. तिथे धाप लागली म्हणून थांबायचं म्हटलं तरी मागे रांग तुंबते. घंटेच्या मजल्यापर्यंत पोचलो आणि बाबांचे गुडघे बोलायला लागले. आई खाली बाकावर बसली होती, ती वर न आल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावरून पुढे दोन दिवस उतरलं नाही. घंटा मात्र खरंच बघण्यासारखी आहे: १९२३ साली ओतलेली, वजन २४ टन, गावातले लोक तिला ‘जाडा पीटर’ म्हणतात. ती फक्त मोठ्या सणांना आणि खास प्रसंगांना वाजते. २०११ च्या जानेवारीत, ६ तारखेच्या सणाला, वाजता वाजता तिचा लोलक तुटून खाली पडला होता. तेवढं ऐकून बाबा म्हणाले, "चल, उतरूया."

शिवाय वर जाऊन कॅथेड्रल दिसतच नाही, कारण तुम्ही त्याच्यावरच उभे असता. वरूनच बघायचं असेल तर ऱ्हाईन नदीपलीकडे, डॉइट्झच्या बाजूला ‘कोलोन ट्रँगल’ नावाची काचेची उंच इमारत आहे. तिथे लिफ्टने गच्चीवर जाता येतं आणि समोर नदी, रेल्वेचा पूल आणि दोन्ही मनोऱ्यांसकट अख्खं कॅथेड्रल दिसतं. गंमत म्हणजे ही इमारत आणि तिच्या शेजारी बांधायचे ठरलेले टॉवर यांच्यामुळेच युनेस्कोने २००४ मध्ये कॅथेड्रलला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं होतं. पुढचे बेत गुंडाळल्यावर २००६ मध्ये ते यादीतून बाहेर आलं. पण दोन तासांत नदीपलीकडे जाऊन येणं म्हणजे धावपळ. तुमच्यासाठी नको.

तुम्ही आत जा. दारातून शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मोबाइल काढू नका, मधल्या रांगेतल्या एखाद्या बाकावर आई-वडिलांना घेऊन बसा आणि वर बघा. छत ४३ मीटर उंच आहे, म्हणजे साधारण चौदा मजले, आणि मध्ये एकही मजला नाही. एवढ्या उंच भिंती इतक्या खिडक्या पाडूनही उभ्या कशा राहतात, हा बाबांचा पहिला प्रश्न होता. छताचा रेटा खांबांवर येतो तसा बाहेरच्या बाजूलाही जातो. तिथे कमानीसारखे दगडी टेकू एका मागे एक लावलेत, ते रेटा झेलून जमिनीत उतरवतात. भिंतीवर भार कमी, म्हणून भिंतीच्या जागी काच लावता आली. बाहेर आल्यावर ते टेकू मागच्या बाजूने बघा. समोरून फोटो काढणाऱ्यांना ते दिसतच नाहीत.

आता एक गोष्ट, जी टूरवाले सहसा सांगत नाहीत आणि जी कळल्यावर मला स्वतःला हे कॅथेड्रल वेगळं दिसायला लागलं. फलकावर १२४८ ते १८८० असं लिहिलेलं असतं आणि लोक म्हणतात, "बापरे, सहाशे वर्षं बांधत होते!" बांधत नव्हते. जवळजवळ निम्मा काळ ते तसंच पडून होतं. पूर्वेकडचा भाग १३२२ मध्ये पुरा झाला, त्याच्या पश्चिमेच्या उघड्या तोंडाला एक तात्पुरती भिंत घातली आणि प्रार्थना सुरू झाली. ती ‘तात्पुरती’ भिंत पडली १८६३ मध्ये. आपल्याकडच्या तात्पुरत्या शेड आठवल्या ना? दक्षिणेकडचा मनोरा पन्नासेक मीटरवर थांबला, सोळाव्या शतकात पैसे आणि उत्साह दोन्ही संपले आणि अर्ध्या मनोऱ्यावर एक लाकडी क्रेन तशीच उभी राहिली. सुमारे चारशे वर्षं. शहराच्या जुन्या चित्रांत कोलोन ओळखायचं ते त्या क्रेनवरून. फ्रेंच सैन्य आलं तेव्हा इमारतीचं गोदाम झालं. मग १८१४ साली समोरच्या बाजूच्या मूळ मध्ययुगीन आराखड्याचा अर्धा भाग डार्मश्टाटमध्ये सापडला (त्या चर्मपत्रावर शेंगा वाळत घातल्या होत्या असं सांगतात), दुसरा अर्धा दोन वर्षांनी पॅरिसमध्ये. १८४२ मध्ये प्रशियाच्या (कोलोन तेव्हा ज्या जर्मन राज्यात होतं त्याच्या) राजाने पुन्हा पाया घातला आणि जुन्या आराखड्याबरहुकूम, पण नव्या यंत्रांनी, अडतीस वर्षांत उरलेलं सगळं उभं राहिलं. छपराखालचा सांगाडा तर चक्क लोखंडी आहे. १५७ मीटरचे मनोरे पुरे झाले तेव्हा ती जगातली सगळ्यात उंच इमारत होती, चारच वर्षं.

म्हणजे व्हीटीचं काम १८७८ मध्ये बोरीबंदरला सुरू झालं तेव्हा इकडे कोलोनला मनोऱ्यांवर गवंडी चढलेलेच होते. हे बाबांना सांगितलं, त्यावर ते म्हणाले, "मग मोठं भावंड कसलं, जुळंच की." पूर्वेकडचा गाभा मात्र खराखुरा तेराव्या-चौदाव्या शतकातला आहे, म्हणून माझा सगळ्यांना आग्रह असतो की तुमचा वेळ तिकडे घालवा.

वेदीच्या मागे काचेच्या पेटीत सोन्याचा पत्रा मढवलेली एक भली मोठी पेटी दिसेल, छोट्या चर्चच्याच आकाराची. बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांच्या अस्थी तिच्यात आहेत अशी श्रद्धा आहे. ११६४ मध्ये त्या मिलानहून इथे आणल्या आणि यात्रेकरूंची रीघ लागली. एवढं अवाढव्य कॅथेड्रल बांधायची गरज पडली ती या पेटीमुळे. शहराच्या चिन्हावरचे तीन मुकुटही त्यांचेच. पेटीभोवतीने एक मार्ग जातो, तो पाहून आईने आपणहून प्रदक्षिणा घातली, डावीकडून.

त्या मार्गाच्या सुरुवातीला, उत्तरेच्या बाजूला, गेरोचा क्रूस आहे. ओकच्या लाकडातला, माणसाच्या उंचीचा येशू, दहाव्या शतकातला. म्हणजे आत्ताच्या इमारतीपेक्षा जवळजवळ तीनशे वर्षांनी जुना. त्या काळच्या बहुतेक क्रूसांवर येशू दिमाखात असतो. इथे तो मेलेला आहे. मान छातीवर पडलीय, डोळे मिटलेत, पोट वजनाने खाली ओघळलंय. गर्दीचे लोंढे सोन्याच्या पेटीकडे जातात, इथे सहसा चार माणसं असतात.

आणि आईची जागा वेगळीच निघाली. स्टेशनच्या बाजूच्या उत्तर भागात मेरीची एक छोटी मूर्ती आहे, ‘दागिन्यांची मेरी’. अंगावरचं वस्त्र दिसू नये इतके दागिने: साखळ्या, अंगठ्या, मोत्याचे सर, घड्याळसुद्धा. समोर मेणबत्त्यांची रांग. मी समजावून सांगायला तोंड उघडलं तोवर आई म्हणाली, "नवसाचे आहेत ना?" दर सप्टेंबरात मोतमावलीच्या जत्रेला डोंबिवलीहून बांद्र्याला जाणारी बाई, तिला काय सांगायचं! तिने डब्यात नाणं टाकलं, मेणबत्ती लावली आणि दहा मिनिटं तिथून हलली नाही. तुमच्या आईंनाही तिथे न्या.

समोरच्या दक्षिण भागातली मोठी खिडकी सोडू नका. जुनी काच युद्धात गेली. २००७ मध्ये गेरहार्ड रिश्टर या चित्रकाराने तिथे ११,२६३ चौकोनी काचांची खिडकी केली, ७२ रंगांत, संत नाही, राजा नाही, नुसते रंग. कोणता रंग कुठे हे बरंचसं संगणकाच्या चिठ्ठ्यांवर सोडलेलं होतं. तेव्हाचे कार्डिनल (इथले मुख्य धर्मगुरू) माइसनर यांना ती आवडली नाही, मशिदीत जास्त शोभेल असं ते म्हणाले होते. मला विचाराल तर ऊन असलेल्या दिवशी दुपारी खांबांवर त्या रंगांचे कवडसे पडतात तेव्हा कार्डिनलसाहेबांशी माझं जमत नाही.

बाहेर आल्यावर दोन गोष्टी. समोरच्या चौकात माणसाहून कितीतरी मोठं एक सिमेंटचं फूल उभं आहे, साडेनऊ मीटर. मनोऱ्यांच्या टोकावर जे बोटाएवढं दिसतं, त्याची ही खऱ्या मापाची प्रतिकृती आहे. आई-वडिलांना तिच्याशेजारी उभं करून मग वर बोट दाखवा, उंची आपोआप कळते. आणि जुन्या भागातला दगड हात लावून बघा. राखाडी दगडात नखाएवढे, काही तर बोटाच्या पेराएवढे चकचकीत पांढरट स्फटिक दिसतात. तो आमच्या बॉनजवळच्या ड्राखेनफेल्स डोंगराचा दगड, नदीतून होड्यांनी कोलोनला जायचा. डोंगर खणून खणून ढासळायला लागला म्हणून प्रशियन सरकारने १८३६ मध्ये तो विकत घेऊन खाण थांबवली. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या भागात दुसरीकडचा दगड आहे, काही ठिकाणी काळाठिक्कर पडलेला वालुकाश्म. लोक विचारतात, धुऊन का काढत नाहीत? दुरुस्ती कायम चालू असते. स्वतःचे गवंडी, काचकाम करणारे, लोहार असा शंभराच्या आसपास लोकांचा ताफा आहे. परांची न दिसलेला दिवस मला आठवत नाही. युद्धात चौदा बॉम्ब पडूनही इमारत उभी राहिली, भोवतालचं शहर मात्र सपाट झालं होतं. उत्तर मनोऱ्याला पडलेलं भगदाड १९४३ मध्ये घाईघाईने विटांनी बुजवलं होतं, त्या विटा २००५ पर्यंत उघड्या दिसत होत्या.

व्यवहाराचं थोडं. मोठ्या बॅगा आत सोडत नाहीत, बसमध्येच ठेवा किंवा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाका. टोपी काढायची. लांब झग्यातले सेवेकरी कुजबुज जास्त झाली की बोट ओठांवर ठेवून रोखून बघतात, बाबांना दोनदा बघितलं. स्वच्छतागृह स्टेशनमध्ये, पैसे देऊन, सुटी नाणी हाताशी असू द्या. चौकात वारा भन्नाट असतो, उन्हाळ्यातही आई-वडिलांना काहीतरी अंगावर हवं. स्टेशनच्या बाजूला खिसेकापूंपासून जपा. प्रवेशाच्या वेळा आणि तिकिटाचे नियम बदलत असतात, आदल्या रात्री कॅथेड्रलच्या साइटवर बघून घ्या.

आणि तुमची बस रविवारी सकाळी पोचणार असेल तर टूरवाल्यांना आत्ताच फोन करा. मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असताना पर्यटकांना आत फिरू देत नाहीत, आणि मग खरंच बाहेरून फोटो काढण्यापलीकडे हातात काही उरत नाही.