विमानाला स्वतःची शंका कधी येते?

प्रश्न : वैमानिकाच्या लेखी परीक्षेची तयारी करते आहे. 'आरनॅव्ह १' आणि 'आरएनपी १' या विमानानं मार्ग किती अचूक धरावा हे सांगणाऱ्या दोन मानकांत अट एकच दिसते : उड्डाणाच्या किमान ९५ टक्के वेळ विमान आखलेल्या मार्गापासून एका सागरी मैलाच्या आत हवं. मग नावं दोन कशाला? उत्तर पाठ आहे, पण पटत नाही.

उत्तर : मलाही ते बरीच वर्षं पटलं नव्हतं. मी उडायला लागलो तेव्हा विमान जमिनीवरच्या खुंट्यांना बांधलेलं असायचं. एका व्हीओआर केंद्रावरून (दिशा दाखवणारं रेडिओ केंद्र) दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर, असा नागमोडी प्रवास. त्यातही दिशा एक अंश चुकली, की केंद्रापासून ६० सागरी मैलांवर तुम्ही एक मैल बाजूला. आरनॅव्हनं ही दावण सोडली. अक्षांश-रेखांश दिले, की आकाशातला कुठलाही बिंदू 'वेपॉइंट' होतो. (आरनॅव्ह म्हणजे जीपीएस, हे समीकरण मात्र डोक्यातून काढा. अंतर सांगणाऱ्या दोन डीएमई रेडिओ केंद्रांपासूनची अंतरं मोजूनही संगणक विमानाची जागा काढतो.)

आता तुमच्या शंकेकडे. शेवटची काही वर्षं मी सिम्युलेटरवर शिकवायचो. तिथे माझा एक आवडता खोडसाळपणा होता : विद्यार्थ्याला न सांगता संगणकाला वाटणारी जागा दीड मैल सरकवून द्यायची. पडद्यावर आखलेल्या मार्गाची गुलाबी रेषा, तिच्यावर विमानाचं चिन्ह अगदी नेमकं बसलेलं. मी विचारायचो, "विमान रेषेवर आहे?" "हो सर." "कोण म्हणतं?" इथे शांतता.

चूक तीन ठिकाणी शिरते. मार्गाची आखणी चुकलेली असू शकते. आजचे डेटाबेस पाहता ती चूक नगण्य धरतात. विमान रेषेवर नीट ठेवता आलं नसेल, तर ती उडवण्यातली चूक; ती पडद्यावर दिसते, वैमानिक सावरतो. तिसरी चूक म्हणजे विमानाला स्वतःची जागाच चुकीची कळलेली असणं. ही पडद्यावर दिसत नाही, कारण पडदाही त्याच चुकीच्या माहितीवर चालतो. माझे विद्यार्थी फसायचे ते इथेच.

ही तिसरी चूक पकडायची कुणी, यावर दोन नावांतला फरक उभा आहे. दोन्हींत अचूकतेची अट सारखी. पण आरनॅव्ह १ मध्ये विमानानं स्वतःच्या अचूकतेवर सतत नजर ठेवून इशारा द्यावा, अशी सक्ती नाही. म्हणून ती सहसा अशा भागात वापरतात जिथे नियंत्रक रडारवर बघत असतो. तो विचारतो, "तुम्ही मार्गाच्या उजवीकडे का?" आरएनपी १ मध्ये हा पहारेकरी विमानातच बसवलेला असतो, त्यामुळे रडार नसलं तरी चालतं. अचूकता राखता येत नसेल, किंवा विमान दोन मैलांपलीकडे गेलेलं असण्याची शक्यता लाखात एकापेक्षा जास्त झाली, तर इशारा मिळायलाच हवा. मग वैमानिक नियंत्रकाला कळवतो, "अनएबल आरएनपी", म्हणजे आरएनपी पाळता येत नाही.

विमानाला ही शंका येते कशी? जीपीएसनं जागा काढायला चार उपग्रह पुरतात. पाचवा असला तर उत्तरं ताडून बघता येतात, कुणीतरी चुकतंय एवढं समजतं. नेमका कोण, हे शोधून त्याला वगळायला सहावा लागतो. काही विमानांत पडद्यावर दोन आकडे शेजारी दिसतात : आरएनपी १.००, एएनपी ०.०६. पहिला हवी असलेली अचूकता, दुसरा विमानाचा स्वतःबद्दलचा अंदाज. दुसरा पहिल्याकडे सरकू लागला, की माझं लक्ष बाकी कशात नसायचं.

डोंगरांच्या खिंडीतून उतरताना याची किंमत कळते. अलास्कातल्या जुनो विमानतळावर १९९६ साली अशी आरएनपी पद्धत पहिल्यांदा वापरली गेली. आता काही ठिकाणी मर्यादा ०.१ मैलापर्यंत, म्हणजे साधारण १८५ मीटरपर्यंत खाली आणतात. त्यासाठी विमान आणि वैमानिक दोघांनाही खास परवानगी लागते.

परीक्षेत एक सापळा येईल : 'आरएनपी १०'. नाव आरएनपीचं, पण त्यात विमानातल्या पहाऱ्याची अट नाही; गुणानं ती आरनॅव्ह १०च आहे. जुनं नाव बदलायचं तर असंख्य परवानग्या आणि कागद बदलावे लागले असते, म्हणून ठेवलं तसंच. मला याचा अजूनही राग येतो.

प्रश्न : विमानांचा माग दाखवणाऱ्या ॲपवर विमानं वेपॉइंटला न पोचताच वळताना दिसतात. वैमानिक कोपरा मारतो का?

उत्तर : मारतो, आणि तसंच अपेक्षित आहे. बहुतेक वेपॉइंट 'फ्लाय-बाय' असतात. वेग आणि वळणाचा कोन बघून संगणक आधीच वळायला लागतो, म्हणजे पुढच्या रेषेच्या पलीकडे विमान जात नाही. 'फ्लाय-ओव्हर' असेल तर मात्र बिंदूवरून गेल्याशिवाय वळायचं नाही. मार्गाच्या नकाशावर चार टोकांच्या चांदणीभोवती वर्तुळ असेल तर तो फ्लाय-ओव्हर, नुसती चांदणी असेल तर फ्लाय-बाय.