तक्ता रंगवण्याआधी एवढं विचारा: तेव्हा हे गाव कोणाकडे होतं?

ताई, तुमच्या पोस्टमधलं "हे आमच्याकडे येत नाही" हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. गावच्या वाचनालयासाठी विदर्भातल्या शहरांची कमी ठाऊक असलेली माहिती गोळा करायची, तिचे तक्ते करायचे, मुलांची प्रश्नमंजूषा घ्यायची, आणि एका जुन्या नोंदीची खात्री करायला गेलं की कार्यालयाने दारातूनच वाटेला लावायचं. आमच्याकडे कारंजा भागात हे जसंच्या तसं घडलंय. म्हणून जरा लांब लिहितो. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, शेती सांभाळून वाचनालयाचं काम बघतो. तेव्हा माझी मतं मतं म्हणूनच घ्या.

संत्री, शेगाव, लोणार, ताडोबा हे सोडूनच देतो. ते पाचवीच्या पोरांनाही पाठ असतं.

आधी आमचं काय झालं ते, कारण तुमची गाडी तिथंच अडलीय. शाळेने अट घातली होती की तक्त्यावरच्या प्रत्येक स्थानिक माहितीला कागदाचा आधार हवा. अट मला पटली होती, आजही पटते. गावच्या बाजाराबद्दलची एक जुनी नोंद पाहायची होती, म्हणून जिल्ह्याच्या एका कार्यालयात गेलो. टेबलावरच्या बाबूंनी अर्ज हातातसुद्धा घेतला नाही. "हे आपल्याइथं नाही भाऊ. आपला जिल्हा आताचा. जुन्या जिल्ह्यात पाहा." जुन्या जिल्ह्यात गेलो तर तिथे ऐकायला मिळालं, "जिल्हा येगळा झाला तवाच सारे बस्ते तिकडं गेले." परत इकडे. आता इकडचे म्हणतात, बस्ते आमच्याकडे दिले असं त्यांच्याकडून लेखी आणा. तिकडचे म्हणतात, असं लेखी द्यायची पद्धत नाही. शेवटी इकडच्याच एका म्हाताऱ्या शिपायाने कपाट उघडून दाखवलं. लाल कापडात बांधलेले बस्ते, प्रत्येकाला सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी, आणि आम्हाला हव्या त्या बस्त्याच्या चिठ्ठीवर कारंजा नव्हतंच, मूर्तिजापूर लिहिलेलं होतं. कागद तिथेच होता, पहिल्या दिवसापासून. तोवर महाराष्ट्र दिन होऊन गेला, बक्षिसाची पुस्तकं गठ्ठ्यातच राहिली, आणि ज्या सातवीच्या मुलांनी सगळी तयारी केली होती ती पुढच्या शाळेत निघून गेली. मला सगळ्यात महाग पडलं ते हे. गाडीभाड्याचं काही नाही, मुलांचा हुरूप गेला तो परत आला नाही.

आणि राग याचा येतो की आपल्याच तालुक्याचा मागचा पत्ता त्या दोन्ही कार्यालयांत कोणाला ठाऊक नव्हता. कारंजा पूर्वी मूर्तिजापूर तालुक्यातलं गाव. मूर्तिजापूर तालुका 1905 पर्यंत अमरावती जिल्ह्यात, त्यानंतर अकोल्यात. 1998 मध्ये वाशीम जिल्हा झाला आणि कारंजा तिकडे गेलं. एका गावाचे तीन जिल्हे. ज्या खुर्चीवर बसून लोकांना माघारी पाठवायचं, त्या खुर्चीला एवढं तरी माहीत असावं, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून माझा सल्ला एकच, बाकी सगळं त्याच्या आधाराने: गावाचा आजचा जिल्हा विसरा, ज्या वर्षाची गोष्ट सांगताय त्या वर्षी गाव कोणाकडे होतं ते आधी काढा. विदर्भात हे न पाहता केलेला तक्ता हमखास चुकतो.

सगळ्यात मोठी चूक मी किती शाळांच्या भिंतीवर पाहिली आहे: "1854 मध्ये इंग्रजांनी विदर्भ खालसा केला." ही गोष्ट वर्धा नदीच्या पूर्वेची. तिसरे रघूजी भोसले 1853 च्या डिसेंबरात वारले, औरस वारस नाही म्हणून डलहौसीने नागपूरचं राज्य घेतलं. नदीच्या पश्चिमेला वऱ्हाड होतं निजामाचं. 1853 च्या तहाने निजामाने आपल्याकडच्या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे दिला. 1902 मध्ये वर्षाला 25 लाख रुपये ठरवून तो कायमचा पट्ट्याने दिला, आणि पुढच्या वर्षी वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं. मालकी मात्र कागदोपत्री निजामाचीच राहिली, इतकी की 1936 मध्ये त्याच्या वारसाला "प्रिन्स ऑफ बेरार" (बेरार म्हणजे वऱ्हाड) हा किताब मिळाला. म्हणजे अकोला, अमरावती, यवतमाळ, बुलढाणा इथल्या लोकांवर राज्य चालवत होते इंग्रज, पण मुलूख म्हणायचा हैदराबादचा. हे मुलांना सांगून बघा, घरी जाऊन आजोबांना विचारतात.

आता 1905 कडे बघा, कारण तुमचं घोडंही बहुधा तिथेच अडलंय. त्याआधी वऱ्हाडात सहा जिल्हे होते. त्यात एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर, स्वतंत्र जिल्हा होता आणि वाशीमही होता. यवतमाळ जिल्ह्याचं नाव तेव्हा वणी होतं. 1905 मध्ये सहाचे चार केले. अचलपूर अमरावतीत गेलं. वाशीम मोडलं, त्यातला पुसद तालुका यवतमाळला आणि उरलेला भाग अकोल्याला. म्हणजे वाशीम 1998 मध्ये "नवा" जिल्हा झाला म्हणतात ते अर्धंच खरं. आणि वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री देणाऱ्या पुसदची 1905 आधीची माहिती यवतमाळच्या कागदांत शोधत बसू नका, वाशीमच्या शोधा. पूर्वेकडेही तसंच. आज गडचिरोलीच्या टोकाला असलेलं सिरोंचा 1874 पर्यंत "अपर गोदावरी" नावाच्या जिल्ह्याचं मुख्य ठिकाण होतं, मग चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात आलं, आणि गडचिरोली जिल्हा झाला तो 1982 मध्ये. वर्धा शहर तर पूर्वी जिल्ह्याचं ठिकाण नव्हतंच, 1866 पर्यंत पुलगावजवळचं कवठा होतं. नंतर पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागेवर वर्धा आखून वसवलं.

अचलपूरबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण त्या गावावर अन्याय होतो असं मला मनापासून वाटतं. आज लोक परतवाड्याला उतरून चिखलदऱ्याची गाडी पकडतात, अचलपूरकडे मान वळवत नाहीत. ही वऱ्हाडच्या इमादशाहीची राजधानी होती, 1490 पासून 1574 पर्यंत. अल्लाउद्दीन खिलजी 1296 मध्ये देवगिरीवर गेला तो याच वाटेने. आणि 1803 मध्ये इंग्रज-मराठे युद्धाचा दक्षिणेतला शेवट या पट्ट्यातच झाला. 29 नोव्हेंबरला अकोल्याच्या अडगावला लढाई, 15 डिसेंबरला वेलस्लीने गाविलगड घेतला, आणि दोनच दिवसांनी देवगावला भोसल्यांचा तह झाला. हाच वेलस्ली पुढे वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. चिखलदऱ्याला सहल नेणाऱ्या किती शाळा गाविलगडावर मुलांना हे सांगतात? निदान तुमच्या तक्त्यावर तरी येऊ द्या.

झिरो माइलबद्दल सावध राहा. "नागपूरचा झिरो माइल म्हणजे भारताचा मध्यबिंदू" हे वाक्य लिहू नका. त्या खांबाशेजारी जो बुटका दगड आहे त्याच्यावर 1907 हे साल आहे आणि तो सर्वेक्षण खात्याचा, उंची मोजण्यासाठीचा दगड आहे. त्यापेक्षा चांगली गोष्ट हिंगणघाटला आहे आणि ती नागपूरकरांनाही माहीत नसते. 1802 मध्ये मद्रासजवळून सबंध भारताची मोजणी सुरू करणारा विल्यम लॅम्बटन हैदराबादहून नागपूरला निघाला असताना 20 जानेवारी 1823 ला हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याच्यानंतर काम हाती घेतलं ते एव्हरेस्टने, ज्याचं नाव पुढे शिखराला दिलं. मध्यबिंदूच्या दंतकथेपेक्षा ही गोष्ट खरी आहे, आणि मुलांना बसने जाऊन बघता येते.

बाकी थोडक्यात. नागपूरच्या एम्प्रेस मिलचं नाव तसं का, तर टाटांनी ती सुरू केली 1 जानेवारी 1877 ला, त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं. खामगावला 1870 मध्ये जलंबहून रेल्वेचा फाटा आला तो कापसासाठी. अमरावतीला 1897 मध्ये काँग्रेसचं अधिवेशन झालं, आणि तिथल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली. बाबासाहेबांनी नागपूरनंतर 16 ऑक्टोबर 1956 ला चंद्रपूरलाही धम्मदीक्षा दिली. चंद्रपूर, गडचिरोली भागातल्या मुलांना हे माहीत असायलाच हवं, पण असत नाही. सेवाग्रामचं मूळ नाव शेगाव. गांधीजी 1936 मध्ये तिथे राहायला आले आणि त्यांची टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायला लागली, म्हणून 1940 मध्ये नाव बदललं. प्रश्नमंजूषेत हा प्रश्न हमखास रंगतो.

वाशीमला तर मी दरवेळी पहिला मान देतो. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. राजशेखराने काव्यमीमांसा या संस्कृत ग्रंथात लिहिलंय की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न लागलं ते विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. साहित्याचं लग्न आपल्या वाशीमला लागलं! आणि आमच्या कारंज्याला लोक नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानासाठी येतात, पण इथल्या जैन भांडारांतल्या अपभ्रंश पोथ्यांवरून 1930 च्या दशकात ग्रंथ छापले गेले आणि मराठी-हिंदीच्या आधीची ती भाषा अभ्यासकांच्या हाती आली, हे कारंज्यातही फार थोड्यांना ठाऊक आहे.

दोन-चार किरकोळ सूचना. जुनी इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांच्या माहितीची सरकारी पुस्तकं, आता नेटवर फुकट मिळतात, पण शोधताना जुनी स्पेलिंगं टाका, आजची टाकाल तर काही सापडणार नाही. अरुंद रुळांच्या जुन्या शकुंतला रेल्वेचा तक्ता करणार असाल तर मूर्तिजापूरला जा आणि निवृत्त रेल्वेवाल्यांशी बोला. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन तिथे 1994 पर्यंत गाडी ओढत होतं, ते चालवलेली माणसं भेटली तर आत्ताच लिहून घ्या. फ्लेक्स करू नका. हाताने लिहिलेल्या तक्त्यावरची चूक खोडता येते, आणि लिहिणाऱ्या मुलाला मजकूर पाठ होतो. प्रश्नांत नुसती सालं विचारू नका, "का" विचारा.

आता कार्यालयाचं. मी वकील नाही, नियम बदललेही असतील, तेव्हा एकदा विचारून घ्या. पण "हे आमच्याकडे येत नाही" हे तोंडी ऐकून परत फिरू नका. माहिती अधिकार कायदा 2005, कलम 6 (3): माहिती दुसऱ्या कार्यालयाकडे असेल तर अर्ज तिकडे पाठवायचा आणि तुम्हाला तसं कळवायचं, हे त्यांचंच काम आहे, तेही 5 दिवसांत. आमच्या गावच्या निवृत्त तलाठ्यांनी हे दाखवलं तेव्हापासून मी दुसऱ्या वाटेने जातच नाही. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. उत्तर 30 दिवसांत आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. माणसाशी भांडू नका, त्या टेबलावरचा बाबू बहुतेक वेळा नुकताच बदलून आलेला असतो.

अर्जात गावाच्या नावापुढे "तत्कालीन तालुका, तत्कालीन जिल्हा" असं जुन्या नावांसकट लिहा. आमचं काम शेवटी त्यानेच झालं. तुम्ही पोस्टमध्ये तालुका लिहिलेला नाही. तो कळवा, 1905 च्या आधी तो कुठे होता ते माझ्याकडच्या गॅझेटियरमध्ये पाहून सांगतो.