लांबच्या प्रवासाची गाडी : वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

पावसाळा तोंडावर आला की पत्रं वाढतात. "अमुक गाडी घेऊ की तमुक" असं ज्यांनी विचारलंय त्यांना एकदाच सांगतो: दोन्ही चालवून बघा आणि तुमच्या गावात तिचा क्लच केबल किंवा ब्रेक पॅड मागितला तर किती दिवसांत हातात पडतो, ते दुकानात जाऊन विचारा. त्यातच निम्मा निकाल लागतो. बाकीच्या पत्रांतली ही सहा.

माझी 350 सीसीची गाडी आहे. हंपीला जाऊन आल्यापासून चेन खटखट वाजते. इथल्या गॅरेजमध्ये चेन ताणून घेतली. आवाज थोडा कमी झाला, पण आता गाडी जड चालते. आणि चेन घरी साफ करायची कशी? — एक वाचक, लातूर

चेन सगळीकडून सारखी झिजत नाही, सगळी गोम तिथे आहे. गाडी डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने थोडं थोडं फिरवत खालच्या बाजूची ढील चार-पाच ठिकाणी मोजा. एका जागी 20 मिमी आणि दुसऱ्या जागी 40 मिमी भरली, तर चेन संपली असं समजा. तुमच्या मिस्त्रीने बहुधा सैल जागा बघून ताण दिला. आता घट्ट जागा फिरून आली की चेन तारेसारखी ताठ होते आणि तो सगळा ओढा गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर जातो. सैल चेन निदान वाजून सांगते. घट्ट चेन मुकाट्याने बेअरिंग खाते, आणि ते बदलायला इंजिन उघडावं लागतं. म्हणून ढील नेहमी सगळ्यात घट्ट जागी मोजायची. किती ठेवायची ते मॅन्युअलमध्ये असतं, पुष्कळ गाड्यांना स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकरही असतो. दोघं बसून सामान लादून जाणार असाल तर माणूस सीटवर बसवून पुन्हा बघा, कारण मागचा भाग दबला की चेन आणखी ताणली जाते. तेव्हाही थोडी ढील उरलीच पाहिजे.

दुसरी परीक्षा: मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) अगदी पाठीमागून चेन बोटाने ओढा. दात अर्धा उघडा पडला तर पूर्ण चेन सेट बदला, म्हणजे चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट. जुन्या दातांवर नवी चेन चढवलीत तर तीही थोड्याच दिवसांत तसलीच होईल.

साफ करायला रॉकेल उत्तम, पण ते आता मिळतंय कुठे! डिझेल चालतं, नाहीतर बाजारातला चेन क्लीनर. पेट्रोल आणि थिनर नको. चेनच्या कड्यांतले रबरी ओ-रिंग त्याने खराब होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. तारेचा ब्रशही नको, जुना दात घासायचा ब्रश पुरे. मग कोरडी पुसून 90 नंबरचं गिअर ऑइल खालच्या चेनच्या आतल्या बाजूने सोडा, फिरताना ते आपोआप बाहेरच्या अंगाला पसरतं. हे रात्री करावं, गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना. सकाळपर्यंत तेल मुरतं आणि रिमवर शिंतोडे कमी उडतात. साधारण दर 500 किलोमीटरला एकदा, पावसात मात्र रोज मुक्कामाला पोचल्यावर.

आता एक गोष्ट दरडावून सांगतो. इंजिन चालू, पहिला गिअर, मागचं चाक हवेत फिरतंय आणि माणूस फिरत्या चेनला फडकं धरून बसलाय, असे व्हिडिओ "सोपी युक्ती" म्हणून फिरतात. फडक्याचा एक धागा कडीत अडकतो, फडकं ओढलं जातं आणि त्याच्यामागोमाग बोटं स्प्रॉकेटच्या दातांत जातात. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आयुष्य काढलेल्या माणसाला तुटलेली बोटं नवीन नाहीत, पण ती लेथवर जातात. घरच्या अंगणात चेन पुसताना जायचं काही कारण नाही. इंजिन बंद, चावी खिशात, चाक हाताने फिरवायचं.

माझी उंची 5 फूट 1 इंच. सेकंडहँड हिमालयन 411 घेतली आहे. पाय टेकत नाहीत. मेकॅनिक म्हणतो, मागे लोअरिंग लिंक टाकून 40 मिमी खाली करून देतो. करू का? — एक वाचक, नाशिक

ताई, तूर्त नको. मागचा भाग तेवढाच खाली आला की पुढचा त्या मानाने वर राहतो, पुढचा काटा (फोर्क) जास्त कलतो आणि सप्तशृंगीच्या घाटात हँडल वळवायला जड जाईल. तुमच्या गाडीचा खडकाळ रस्त्याचा मोठा आधार म्हणजे तिचा 220 मिमी ग्राउंड क्लिअरन्स. पैसे मोजून तोच कमी करायचा. हेडलाइट वर बघायला लागतो. सामान लादून मोठा खड्डा बसला की टायर वर घासायची भीती. आणि सगळ्यात आधी त्रास देतो तो साइड स्टँड. गाडी खाली आली, स्टँडची लांबी तीच, मग गाडी जवळजवळ सरळ उभी राहते. जरा उतार असला, कुणाचा धक्का लागला, की उजवीकडे आडवी. मेकॅनिकने 40 मिमी सांगितलं, पण पुढचे फोर्क क्लॅम्पमधून तेवढ्या मानाने वर सरकवणं आणि स्टँड कापून पुन्हा वेल्ड करणं सांगितलं का? विचारून बघा.

तुमच्या गाडीची सीट 800 मिमी उंच आहे, पण पाय न टेकायला नुसती उंची कारण नसते, सीटची रुंदी असते. मांड्या फाकल्या की पायाची लांबी फुकट जाते. सीट काढून चांगल्या सीटवाल्याकडे न्या आणि पुढच्या भागाच्या दोन्ही कडा तासून निमुळत्या करायला सांगा. वरून फोम 20 मिमीच्या वर काढू देऊ नका. नाहीतर तासाभरात खालचं प्लास्टिक टोचायला लागेल. नवं कव्हर शिवताना शिलाई बसायच्या जागी नको, पावसाचं पाणी तिथूनच फोममध्ये जातं आणि मग तो दिवसभर ओला. मागच्या शॉकअपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला ताण) आधीच्या मालकाने वाढवून ठेवला असेल, तोही बघा. तुम्ही एकट्या चालवणार असाल तर कमी करून घ्या. जाड सोलचे, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट घ्या. एवढ्याने बहुतेक काम भागतं.

उरलेलं काम सरावाचं. दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत हा हट्ट सोडा. थांबताना शेवटच्या क्षणी कंबर सीटवरून डावीकडे सरकवा, डावा पाय पूर्ण टेकवा, उजवा पाय मागच्या ब्रेकवर. हँडल सरळ असतानाच थांबा. वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडलीच. रस्ता एका अंगाला उतरता असेल तर वरच्या अंगाचा पाय टेका. आणि पाय टेकायच्या आधी तिथे खड्डा किंवा खडी नाही ना, ते बघायची सवय लावा.

गाडी कधी ना कधी पडेल. जवळपास 200 किलोची आहे, हाताच्या जोरावर उचलू नका. आधी इंजिन बंद, पहिला गिअर टाका, म्हणजे चाक सरकणार नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच उघडून ठेवा. हँडल जमिनीकडच्या बाजूला पूर्ण वळवा, गाडीकडे पाठ करून सीटला टेका, एक हात हँडलच्या खालच्या मुठीला, दुसरा मागच्या ग्रॅब रेलला, पाठ ताठ, आणि पायांनी एक एक पाऊल मागे रेटत उठवा. एकदा लॉनवर कुणाला तरी सोबत घेऊन करून बघा.

क्लासिक 350 वर जादा एलईडी लाइट लावायचे आहेत. दुकानदार 300 वॉटची जोडी दाखवतो. कामामुळे रात्री सांगली-कोल्हापूर करावं लागतं. — एक वाचक, सांगली

300 वॉट म्हणजे 12 व्होल्टला 25 अँपिअर. तेवढा करंट त्या बारीक वायरींतून गेला असता तर त्या दुकानातच वितळल्या असत्या. तो आकडा खोक्यापुरता असतो. खरे 20 वॉटचे दोन लाइट पुरतात, दोघांचे मिळून साडेतीन अँपिअरसुद्धा होत नाहीत. पण जोडणी नीट हवी: बॅटरीपासून थेट वायर, बॅटरीजवळच 10 अँपिअरचा फ्यूज, मध्ये रिले (छोट्या स्विचने मोठा करंट चालू-बंद करणारी डबी) आणि हँडलवर वेगळा स्विच. हेडलाइटची वायर सोलून तिथूनच जोड मारणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. पहिल्या पावसात त्या जोडावर हिरवा गंज चढतो. लाइट बसवल्यावर भिंतीपासून 5 मीटरवर, स्वतः गाडीवर बसून, प्रकाशाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या 5 सेंटिमीटर तरी खाली येईल असा कल द्या. समोरच्याचे डोळे दिपवलेत तर तो तुमच्याच अंगावर येणार.

आता तुमच्या रस्त्याचं. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर रात्री तिथून चालतो. मागे लाल दिवा नाही, असलाच तर रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन-अडीच फूट आलेला. काळपट वाळलेल्या पाचटावरून प्रकाश परतत नाही. 80 च्या वेगाला तुम्ही सेकंदाला 22 मीटर जाता. बघून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद, पुढे कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी 35 मीटर, म्हणजे 57 मीटर. डिपरवर तेवढं लांबचं स्पष्ट दिसतच नाही. 60 ला हाच हिशेब 37 मीटरवर येतो. तेव्हा लाइट जरूर लावा, पण हंगामात रात्री 60 च्या वर जाऊ नका. साखर कारखान्याच्या फाट्याजवळ तर आणखी कमी, तिथे रस्त्यावर मळी सांडलेली असते आणि ती ऑइलपेक्षा वाईट.

बुलेटला पंजाब सायलेन्सर लावला तर पिकअप वाढतो का? — एक वाचक, इचलकरंजी

आवाज वाढतो. पिकअप वाढल्यासारखा वाटतो, कारण कान फसतात. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा छोटा संगणक) कंपनीच्या सायलेन्सरच्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. तो काढून रिकामी नळी लावली की हिशेब बिघडतो, ॲक्सिलरेटर सोडला की फटाके फुटतात आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेल्यामुळे धूरही वाढतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाज-धुराच्या गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे, लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं ते वेगळंच. नाद खुळा म्हणून करायचंच असेल तर त्या पैशांत दोन्ही टायर नवे घ्या.

आम्ही दोघं (वय 58 आणि 55) श्रावणात मिरजेहून आंबा घाटाने गणपतीपुळ्याला गाडीवर जायचं म्हणतो. मुलं नको म्हणतात. — एक वाचक, मिरज

मुलांना सांगा, आम्ही दिवसाउजेडी जाऊ. तेवढ्या अटीवर मी तुमच्या बाजूने.

आधी टायर बघा. बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला टायर. पाच-सहा वर्षं झाली असली तर नक्षी कितीही दिसो, रबर कडक झालेलं असतं आणि ओल्यात पकडत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललं नसेल तर बदलून घ्या. ते हवेतला ओलावा ओढतं: नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरलेलं 155 च्या आसपास उकळू शकतं. लांब उतारावर ब्रेक तापले की लिव्हर पोकळ लागतो तो यामुळे. म्हणून साखरप्याच्या बाजूला उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा.

दोघं आणि सामान मिळून मागचा प्रीलोड एक-दोन खाचा वाढवा, टायरची हवा दोघांसाठी दिलेल्या आकड्यावर ठेवा. जड वस्तू बाजूच्या बॅगांत, तळाशी. मागच्या कॅरिअरवर फक्त रेनकोट आणि कपडे, कारण मागच्या ॲक्सलच्या पलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डगमगतं. सौ. नी वळणावर तुमच्या उलट बाजूला कलायचं नाही, तुमच्या आतल्या खांद्यावरून बघत राहायचं. उतरताना आधी सांगायचं, मग पाय काढायचा.

मलकापूर सोडलं की धुकं लागेल. अप्पर मारू नका, सगळा प्रकाश परत डोळ्यांत येतो. घाटात झाडाखालच्या सावलीच्या वळणांवर शेवाळ असतं, काळपट हिरवी झाक दिसली की तिथे ना ब्रेक ना ॲक्सिलरेटर, गाडी सरळ जाऊ द्या. पांढरे पट्टे आणि पुलावरचे लोखंडी जोडही तसेच. खाली कोकणात जांभ्याची लाल माती रस्त्यावर वाहून आलेली असते, ती शेवाळापेक्षा वाईट. आणि पुलावरून पाणी वाहत असेल तर एसटी गेली म्हणून आपण जायचं नाही. खालचा कठडा दिसत नसेल तर चहा घ्या, पाणी उतरू द्या, नाहीतर मुक्काम करा.

पाली, हातखंबा, निवळी आणि तिथून जाकादेवीमार्गे गणपतीपुळे, हा रस्ता धरा. आरे-वारेचा समुद्राकाठचा रस्ता सुंदर आहे, पण तो सामान खोलीवर टाकून, पाऊस उघडल्यावर. तिथे वळणांवर वाळू येते.

वडिलांचं जुनं हेल्मेट आहे, भारी कंपनीचं, एकदाच पडलेलं. प्रवासाला वापरू का? — एक वाचक, बार्शी

नको. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबायला केलेला असतो. दबला की फुगून परत वर येत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. पडलं नसतं तरी जुन्या हेल्मेटचा फोम आणि पट्टा कमजोर होतोच. आयएसआय खूण आणि आयएस 4151 लिहिलेलं नवं घ्या, दुकानातच पट्टा आवळून मागून वर ढकलून बघा. डोक्यावरून निघालं तर मापाचं नाही. जुनं फेकून देण्याआधी त्याचा पट्टा कापा, नाहीतर भंगारातून पुन्हा कुणाच्या तरी डोक्यावर जाईल.