चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की बोबडी वळते. कोचिंग लावून खरंच फरक पडतो का?

पडतो. मला पडला. ऑफिसात प्रेझेंटेशनची पाळी आली की आदल्या रात्री माझी झोप उडायची, तेव्हा तुमची बोबडी मला अनोळखी नाही.

मला वाटलं होतं, सर आवाज कमवायला शिकवतील, हातवारे शिकवतील. त्यांनी पहिल्याच दिवशी उभं केलं, "काल दिवसभर काय केलंत ते दोन मिनिटं सांगा" म्हणाले आणि मोबाइलवर शूटिंग केलं. मग तेच आवाज बंद करून मला दाखवलं. मी या पायावरून त्या पायावर झुलत होतो, बोटातली अंगठी फिरवत होतो आणि समोर एकच श्रोता असून त्याच्याकडे एकदाही बघितलं नव्हतं. नंतर आवाज लावला. "'म्हणजे' किती वेळा येतंय ते मोजा." १९ वेळा! घरच्यांनी किंवा मित्रांनी हे कधीच सांगितलं नसतं. 'छान बोललास' म्हणून मोकळे झाले असते.

पुढचा महिनाभर एकच काम. 'म्हणजे' ओठांवर आलं की तोंड मिटायचं आणि गप्प राहायचं. ती शांतता जीवघेणी वाटायची. रेकॉर्डिंग ऐकलं तर जेमतेम सेकंदभराची, आणि ऐकणाऱ्याला वाटावं की गडी विचार करून बोलतोय.

श्वासाचंही तसंच. घाबरलं की अ‍ॅड्रेनलिन वाढतं, श्वास छातीत वरच्या वर, उथळ चालतो, वाक्य संपायच्या आधी हवा संपते. म्हणून आवाज कापतो, आणि उरकून टाकायच्या नादात वेग वाढतो. सर बोलायच्या आधी श्वास पूर्ण सोडायला लावायचे. घ्यायला नाही, सोडायला. आत यायचा तो आपोआप येतो.

इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज तोतरे बोलत. १९२५ साली वेम्ब्लीच्या प्रदर्शनाच्या समारोपाचं भाषण त्यांना फार जड गेलं. पुढच्या वर्षी ते लायोनेल लोग या ऑस्ट्रेलियन माणसाकडे जाऊ लागले. लोगकडे डॉक्टरकीची पदवी नव्हती, पण श्वासाचे व्यायाम रोज करून घेण्याची चिकाटी होती. १९२७ मध्ये कॅनबेराच्या संसद भवनाच्या उद्घाटनाचं भाषण नीट पार पडलं. तोतरेपणा समूळ गेला नाही, आणि मोठ्या भाषणाआधी लोगबरोबरची तयारी पुढेही कित्येक वर्षं सुरू राहिली. त्यामुळे '७ दिवसांत वक्ता' अशी जाहिरात दिसली की मी पान उलटतो.

भीतीही जात नाही, हे आधीच सांगून ठेवतो. उभं राहताना माझे तळहात आजही घामेजतात, फक्त पहिलं वाक्य आता अडत नाही. विषयच कच्चा असेल तर मात्र कोणताही कोच काही करू शकत नाही.

फी परवडत नसेल तर टोस्टमास्टर्सचा एखादा क्लब शोधा. तिथे पाच-सात मिनिटांचं भाषण करायचं असतं. एक जण वेळ लावतो, एक जण तुमचे 'अं… अं' मोजतो आणि एक जण भाषण कसं झालं ते तोंडावर सांगतो.

कोचच लावणार असाल तर पहिल्या तासाला तो स्वतः किती बोलतो आणि तुम्हाला किती बोलायला लावतो, तेवढं बघा. या सरांच्या आधी मी एकांकडे गेलो होतो. ते दीड तास आत्मविश्वासावर बोलले, अगदी सुरेख बोलले. मी खुर्चीतून उठलोसुद्धा नाही.